रायफलच्या पिशवीत कोणतं टूलकिट ठेवावं? आधी आपल्या स्क्रूंची यादी करा

प्रश्न असा आला आहे: ‘माझी .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. ३० मिलिमीटर नळीचा, ४-१६×४४चा स्कोप दोन रिंगांवर बसवला आहे. रिंगांबरोबर आलेल्या एल आकाराच्या चावीने सगळं घट्ट आवळलं. तरी ५० मीटरवर तीस-चाळीस गोळ्या झाल्या की ग्रुप उजवीकडे वर सरकतो. पुन्हा झिरो केलं की पुन्हा तेच. आता पिशवीत मावेल असं छोटं किट घ्यायचं आहे. बारा बिटचं घेऊ की साठ बिटचं? टॉर्कचा ड्रायव्हर खरंच लागतो का?’

किटचं उत्तर खाली देतोच. पण तुमच्या प्रश्नातले ‘घट्ट आवळलं’ हे दोन शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटले. किती घट्ट? कोणत्या क्रमाने? आटे कोरडे होते की तेलकट? रिंग रेलच्या (रायफलच्या माथ्यावरच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत पुढे टेकवून आवळली की मधेच कुठेतरी? .२२च्या रायफलीला धक्का फारच कमी असतो. एवढ्याशा धक्क्याने नीट बसवलेला स्कोप हलत नाही. तरीही तुमचा ग्रुप (कागदावर पडलेला गोळ्यांचा पुंजका) सरकतोय, म्हणजे बसवण्यात काहीतरी राहिलं आहे किंवा दोष स्कोपच्या बाहेर, दुसरीकडेच आहे. दोन्ही शक्यता तपासायला हव्यात आणि त्यासाठी लागणारी हत्यारं मोजकीच आहेत.

मी बरीच वर्षं क्लबच्या रायफलींची देखभाल करतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: स्कोप बसवणं आणि बसवलेला स्कोप तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. बसवायचं ते घरी, टेबलावर, रायफल पाळण्यात पक्की ठेवून, भरपूर उजेडात. तपासायचं ते रेंजवर, दोन डावांच्या मधे, पाच मिनिटांत. पिशवीतलं छोटं किट या दुसऱ्या कामासाठी असतं. पहिलं काम कच्चं राहिलं असेल तर पिशवीत कितीही बिट कोंबा, दर आठवड्याला झिरो शोधत, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवत, बसावं लागेल.

बऱ्याच गोष्टी तुमच्या सामानावर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. रिंग ॲल्युमिनियमच्या आहेत की पोलादाच्या, स्क्रूची जाडी किती, रिसीव्हर (ज्यात बोल्ट सरकतो तो रायफलचा मुख्य भाग) कशाचा, बेस (त्यावर बसून रिंगा धरणारी पट्टी) वेगळा आहे की रेल रिसीव्हरमध्येच कोरलेली आहे, यावर आकडे बदलतात. रिंग बनवणाऱ्याने कागदावर जो आकडा दिला असेल तो माझ्या आकड्याच्या वर धरा. स्प्रिंगच्या एअर रायफलीचं तर सगळंच निराळं. तिचा धक्का आधी मागे येतो आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की लगेच उलटा बसतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप तिथे काही दिवसांत निकामी झालेला मी पाहिला आहे. तुमची .२२ आहे म्हणून तिच्यापुरतं बोलतो.

अवजार हातात घेण्याआधी बोल्ट बाहेर काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. क्लबमध्ये कितीही वर्षं काढलेला माणूस असला तरी ही पायरी मी त्याला सोडू देत नाही.

आता बिटकडे येऊ. कागद घ्या आणि रायफलवरचा एकेक स्क्रू लिहून काढा. बेस रिसीव्हरवर धरणारे, रिंगच्या वरच्या टोपीचे, रेलवर पकडणाऱ्या क्लॅम्पचे, स्टॉकमधून (दस्त्यातून) रिसीव्हरमध्ये जाणारे, आणि टरेटच्या (नेम सरकवायच्या स्कोपवरच्या चाकाच्या) टोपीत लपलेले बारीक सेट स्क्रू. प्रत्येकापुढे त्याचं माप लिहा. बहुतेकांची यादी पाच-सहा मापांतच संपते. टोपीला आणि बेसला टी१० किंवा टी१५ (टी म्हणजे टॉर्क्स, सहा टोकांच्या ताऱ्याचा बिट), क्लॅम्पला टी२०, टी२५ किंवा अर्धा इंची नट, स्टॉकला ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन (षटकोनी चावी), टरेटला दीड-दोन मिलिमीटरची बारीक ॲलन. ही उदाहरणं झाली, तुमचे आकडे तुमच्या रायफलवरूनच घ्या. ही यादी हेच तुमचं किट. साठ बिटच्या डबीतले पन्नास बिट तुम्ही आयुष्यात वापरणार नाही, आणि नेमका लागणारा बिट त्या डबीत एकच असतो. तो घासला गेला की डबी घरी ठेवली काय आणि पिशवीत नेली काय, सारखंच. मी नेहमीच्या मापाचे दोन-दोन बिट ठेवतो.

इंची आणि मिलिमीटर यांची गल्लत हे स्क्रू खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून इथे जरा थांबतो. काही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की चालून जातात. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिलिमीटर, तिथे २ची ॲलन सहसा बसते. ५/३२ म्हणजे ३.९७, तिथे ४ची. पण १/८ इंच म्हणजे ३.१८. त्यात ३ची ॲलन सहज जाते, थोडी डुगडुगते, आणि तुम्ही जोर लावलात की खाचेचे सहाही कोपरे गोल करून मोकळी होते. ३/३२ इंच म्हणजे २.३८. ती चावी अडीच मिलिमीटरच्या खाचेत घातली की तोच प्रकार. अर्ध्या इंची नटचंही तसंच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि हाताशी असतो १३चा पाना. ०.३ मिलिमीटरची ती फट दिसत नाही, पण नटचे कोपरे मात्र खाऊन टाकते. टॉर्क्समध्ये टी१५च्या खाचेत टी१० घातला तर तो सुरुवातीला पकड घेतल्यासारखा वाटतो. म्हणून कुठलंही माप असलं तरी नियम एकच: बिट खाचेत सरळ उतरला पाहिजे, तळाला टेकला पाहिजे आणि हलवल्यावर डुगडुगता कामा नये. शंका आली तर एक माप मोठा बिट आधी लावून बघा. तो जात नाही अशी खात्री झाली की मगच हातातला बिट योग्य.

बिटचं टोक उजेडात धरून बघायची सवय लावा. नव्या टॉर्क्स बिटच्या सहाही धारा सरळ उतरतात आणि सगळीकडे सारख्याच काळसर दिसतात. थकलेल्या बिटच्या टोकाकडे धारेच्या एकाच बाजूला चकचकीत पट्टा दिसतो, आणि कडेने पाहिलं तर धारा किंचित एका दिशेला पिळल्यासारख्या वाटतात. असा बिट स्क्रूची खाच खराब करायच्या आधीच फेकून द्या. बिट बदलायला क्षणभर लागतो. खाच गेलेला स्क्रू काढायला मात्र अख्खी दुपार जाते, आणि त्यात रिंगवर ओरखडे पडतात ते वेगळेच.

अजून एक गोष्ट किट घेताना कोणी बघत नाही: बिटची लांबी. २५ मिलिमीटरचा आखूड बिट लावला की ड्रायव्हरची जाड मान टरेटला किंवा पुढच्या काचेच्या फुगवट्याला अडते. मग ड्रायव्हर नकळत तिरका धरला जातो, बिट खाचेत तिरका बसतो, आणि टॉर्कचा (पिळाचा) आकडाही खोटा येतो. टोपीच्या स्क्रूंसाठी ५० मिलिमीटरचे बिट घ्या. बिटची मान पाव इंची षटकोनी असली की कुठल्याही ड्रायव्हरला चालते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, टॉर्कचा. टॉर्क म्हणजे पिळाचं माप. रायफलच्या सामानावर ते बहुधा इंच-पाउंडात लिहिलेलं असतं. १ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ८.८५ इंच-पाउंड. ॲल्युमिनियमच्या रिंगच्या टोपीला बहुतेक वेळा १५ ते १८ इंच-पाउंड सांगितलेले असतात, म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या आसपास. रेलवरच्या क्लॅम्पला बरंच जास्त लागतं, ३०पासून ६५पर्यंत, क्लॅम्पच्या घडणीप्रमाणे. आता तुमच्या एल चावीचा हिशेब करू. लांब हात ६ सेंटिमीटरचा धरा आणि टोकाला फक्त पाच किलोचा जोर. गुणाकार ३ न्यूटन-मीटरवर जातो, म्हणजे २६-२७ इंच-पाउंड. पाच किलो हा काही खास जोर नाही, भाजीची पिशवी उचलण्याइतका. ‘घट्ट आवळलं’ म्हणणारा माणूस सहज त्याच्या दुप्पट लावतो. म्हणून मला खात्रीने वाटतं की तुमच्या टोप्या सैल नाहीत, तर गरजेपेक्षा बऱ्याच जास्त आवळलेल्या आहेत.

जास्त आवळल्याने काय होतं ते मी एकदा फार जवळून पाहिलं. सुरुवातीच्या काळात मीही हाताच्या अंदाजाने आवळायचो. एका मुलाचा स्कोप मी बसवून दिला होता. महिन्याभराने तो परत आला: चार क्लिक दिले तर काही होत नाही, पाचवा दिला की गोळी एकदम दोन बोटं सरकते. रिंग उघडली तेव्हा नळीवर टोपीच्या कडेची स्पष्ट रेघ उमटली होती. नखाने चाचपली तर नख अडकत होतं. मागची रिंग टरेटच्या फार जवळ होती आणि नेमकी तिथेच नळी चिमटली गेली होती. टरेट फिरवला की स्कोपच्या आतली जी नळी सरकते, ती अडकत अडकत सरकत होती. तो स्कोप पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. मुलाने स्पर्धेची तयारी त्याच स्कोपवर केली होती. त्या दिवसापासून मी टॉर्क ड्रायव्हरशिवाय टोपीला हात लावत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, लागतो. पैसे बिटांच्या संख्येवर घालण्यापेक्षा यावर घाला.

दोन प्रकारचे मिळतात. एकात आकडा फिरवून लावता येतो, बहुधा १०पासून ६५ इंच-पाउंडपर्यंत. टेबलावर हा सोयीचा, कारण एकच हत्यार सगळीकडे चालतं. पण असे ड्रायव्हर आपल्या पट्ट्याच्या अगदी तळाशी तितके भरवशाचे नसतात. काम झालं की तो सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग सतत दाबलेली राहते. दुसरा प्रकार ठरावीक आकड्याच्या छोट्या तुकड्यांचा. एक तुकडा १५चा, एक २५चा, एक ६५चा असे. आकडा गाठला की तो खट्‌कन सुटतो. पिशवीसाठी मला हाच आवडतो. अंगठ्याएवढा असतो, आणि रेंजवर घाईत चुकीचा आकडा लागण्याची भीतीच नाही. एक टोपीसाठी, एक क्लॅम्पसाठी, आणि दोन दांड्या जोडून टी होणारी मूठ, एवढ्यात काम होतं.

टॉर्कचा आकडा बरोबर असूनही एक गोष्ट फसवते. पिळासाठी लावलेल्या जोराचा बहुतांश भाग स्क्रूच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. स्क्रू ताणून पकड घट्ट करायला साधारण दहावा हिस्साच उरतो. म्हणजे आट्याला तेलाचा थेंब लागला, घर्षण कमी झालं, की त्याच १५ इंच-पाउंडात पकड कितीतरी वाढते. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव गोंदही ओला असताना तेलासारखाच वागतो. यासाठी मी आटे आणि रिंगच्या आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करतो, मगच आवळतो. टोपीच्या स्क्रूंना गोंद लावत नाही. बेसच्या स्क्रूंना बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच लावतो, तोही जांभळा किंवा निळा, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि मग पूर्ण एक दिवस रायफल बाजूला ठेवतो. लाल गोंद या कामात वापरायचाच नाही. तो सोडवायला इतकी उष्णता द्यावी लागते की काचेजवळ ती नेताच येत नाही.

बसवण्याचा क्रम असा. बेसचे स्क्रू आधी. मग रिंगचा खालचा भाग रेलवर ठेवा, रायफलच्या तोंडाच्या दिशेने पुढे ढकला, आडवी पट्टी खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकली की तसाच धरून क्लॅम्प आवळा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे जाते आणि स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे रायफलच्या हिशेबाने पुढे. तिथे भिंत आधीच टेकलेली असेल तर सरकायला जागाच राहत नाही. हा टेकवायचा भाग तुमच्याकडून राहिला असण्याची मला दाट शंका आहे. पिकॅटिनी रेलची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, आणि रिंगची पट्टी तिच्यापेक्षा थोडी अरुंद. वीव्हर पद्धतीच्या रिंगांची तर बरीचशी अरुंद. तेवढ्या फटीत दर गोळीला केसभर सरकलं तरी ५० मीटरवर ते दिसतं.

मग स्कोप ठेवा, टोप्या नुसत्या टेकतील इतक्याच लावा आणि डोळ्याचं अंतर बघा. डोळे मिटून गाल स्टॉकवर टेकवा, मग डोळे उघडा. मान पुढेमागे न करता चित्र कडेपर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे. हे सगळ्यात मोठ्या पॉवरवर बघा, कारण तिथेच जागा कमी असते.

रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) सरळ करायला माझा भरवसा ओळंब्यावर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोरीला वजन बांधून लटकवा. रायफल रेलवर ठेवलेल्या छोट्या पाणसळीने समतल करा आणि रेटिकलची उभी रेघ दोरीशी जुळवा. टरेटच्या टोपीवर पाणसळ ठेवून काम उरकणारे बरेच आहेत, पण टोपी आतल्या रेटिकलशी तंतोतंत जुळलेली असेलच असं नाही. रेटिकल ३ अंश कललेलं असेल आणि १०० मीटरवर जाण्यासाठी तुम्ही २० सेंटिमीटर वर चढवलंत, तर गोळी साधारण १ सेंटिमीटर बाजूला जाईल. ५० मीटरवरच खेळणार असाल तर हा दोष दिसणारही नाही. तरीही एकदाच करायचं काम आहे, तेव्हा नीट करा.

टोप्या आवळताना एका बाजूचा स्क्रू पूर्ण आणि मग दुसऱ्या बाजूचा असं करू नका. समोरासमोर, तिरके, अर्धा-अर्धा फेरा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसायला हव्यात. पोस्टकार्डाचा तुकडा दोन्हीकडे घालून बघितला तरी फरक कळतो. शेवटचा फेरा टॉर्क ड्रायव्हरने, आणि तो खट्‌कन वाजला की पुन्हा ‘खात्रीसाठी’ वाजवायचा नाही. मग पेंटच्या बारीक पेनने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर येणारी एक रेघ ओढा. तपासणीचं सगळ्यात उपयोगी साधन हीच रेघ. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला. अखंड असेल तर त्याला हात लावायचा नाही. दर वेळी ‘जरा बघू’ म्हणत आवळत राहणारे लोकच शेवटी आटे घालवतात.

तेव्हा पिशवीत एवढंच: यादीतल्या मापांचे बिट दोन-दोन, टोपीसाठी ५० मिलिमीटरचे, दोन टॉर्कचे तुकडे, टी मूठ, पेंटचं पेन, लहान पाणसळ, काचेचं कापड, आणि टरेटसाठी बारीक ॲलन. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी पुडी होते. काडतूस असलेल्या रायफलला क्लिनिंग रॉडही लागतो, पण तो वेगळा विषय.

आता स्कोप बसवण्याच्या बाहेरचे दोन संशयित. पहिला स्टॉकचे स्क्रू. स्कोपला दोष देणाऱ्या किती जणांच्या रायफलीत हेच ढिले निघतात! रिसीव्हर स्टॉकमध्ये हलत असेल तर वरचं सगळं कितीही पक्कं असो, ग्रुप फिरणारच. बनवणाऱ्याचा आकडा बघून तेही टॉर्कवर आवळा, आणि तुमच्या रायफलची नळी स्टॉकला न टेकणारी असेल तर मधून कागदाची पट्टी सरकते का तेही बघा. दुसरा पॅरालॅक्स, म्हणजे डोळा सरकला की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखं दिसणं. तुमच्या स्कोपला ते जुळवायचं चाक असेल आणि ते १०० मीटरवर राहिलं असेल, तर ५० मीटरवर डोळा मधोमध नसताना ४४ मिलिमीटरच्या काचेमुळे नेम जास्तीत जास्त १ सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. तीस-चाळीस गोळ्यांनंतर मान दमते, गाल थोडा वेगळा टेकतो, आणि ग्रुप एका बाजूला जातो. तुमच्या वर्णनाशी हे चांगलंच जुळतं. रायफल पिशव्यांवर टेकवून, हात न लावता, स्कोपमधून बघत डोकं वर-खाली हलवा. रेटिकल लक्ष्यावर फिरताना दिसलं तर चाक फिरवून ते थांबवा. आकड्यांवर जाऊ नका, डोळ्याला दिसतं ते खरं.

या रविवारी असं करा. घरी टोप्या उघडून नळीवर दाबाची रेघ आहे का बघा. नसेल तर पुसून, क्लॅम्प पुढे टेकवून, आकड्यावर आवळून पुन्हा बसवा. स्टॉकचे स्क्रू आवळा, रेघा ओढा. रेंजवर पॅरालॅक्स जुळवून झिरो करा आणि एकाच पेटीतल्या ४० गोळ्या मारा. ग्रुप सरकला तर काहीही आवळायच्या आधी रेघा बघा. तुटलेली रेघ सापडली तर दोष तिथे. सगळ्या अखंड असतील तर हाच स्कोप एखाद्या मित्राच्या, ग्रुप न सरकणाऱ्या रायफलवर त्याच आकड्यांनी बसवून पुन्हा ४० मारा. सरकणं स्कोपबरोबर तिकडे गेलं तर दोष स्कोपच्या आत आहे, आणि तो कुठल्याच किटने निघत नाही. नळीत कोरडा वायू भरून ती बंद केलेली असते. ती उघडू नका, बनवणाऱ्याकडेच पाठवा. सरकणं तुमच्या रायफलीतच राहिलं, तर बेसचे स्क्रू आणि स्टॉकची बैठक यांचे फोटो टाका, पुढचं बघू.